बरंय गं, तू जेवलीस का?

माझी ताई किती वेळा मेली असेल, हे आता तिलाही सांगता यायचं नाही. कधी हृदय बंद पडून मेली, कधी दम कोंडून, कधी एखाद्या पोरीने घाईघाईत भलतंच औषध दिलं म्हणून. मेली की ती माइक बंद करायची, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायची आणि काचेतून पलीकडे बघत बसायची. पलीकडे खाटेभोवती पोरी तोंडावर हात ठेवून उभ्या असायच्या.

ती खोली मी पाहिली आहे. नर्सिंग कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. दारावर ‘सिम्युलेशन लॅब’ अशी पाटी. आत शिरलं की क्षणभर फसायला होतं, कारण आत अख्खा वॉर्ड मांडलेला आहे. लोखंडी खाट, सलाइनचा स्टँड, भिंतीतून निघालेली ऑक्सिजनची नळी, सरकता पडदा, उशाशी पाण्याचा जग. खाटेवर रबरी पुतळा. त्याची छाती वरखाली होते. पापण्या मिटतात, उघडतात, आणि उघडताना बारीक टक् असा आवाज येतो. मनगटाला बोटं लावली तर नाडी लागते. कुणीतरी एकदा त्याच्या टकलावर पांढऱ्या केसांचा टोप बसवला, तेव्हापासून सगळं कॉलेज त्याला ‘आजोबा’ म्हणतं.

आजोबांच्या समोरच्या भिंतीत मोठी काच आहे. खोलीतून बघाल तर आरसा. मागच्या बाजूने बघाल तर खोलीतलं सगळं दिसतं. काचेमागे अंधारा कोनाडा आणि त्यात दोन खुर्च्या. एकीवर लॅबचे सर बसायचे. आजोबांची नाडी, श्वास, घाम, रक्त, सगळं त्यांच्या बटणांवर. दुसऱ्या खुर्चीवर ताई. आजोबांची जीभ तिच्या ताब्यात.

पोरी पाठीमागे तिला ‘काचवाली’ म्हणायच्या. ताईला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

ताईने उभी हयात मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात काढली. आमच्या घरातून बाहेर पडून शिकलेली पहिली मुलगी ती. इस्त्रीच्या कडक कपड्यांत घरी यायची तेव्हा आम्ही धाकटे तिच्यापासून हातभर लांब उभे राहायचो, कपड्यांना डाग पडेल म्हणून. वॉर्डात तिची एक रीत होती. ऑपरेशन होऊन पेशंट खाटेवर आला की ती त्याच्याशी बोलता बोलता एक हात त्याच्या पाठीखाली सरकवायची. नुसता सरकवायची आणि बाहेर काढून बघायची. नव्या पोरींना वाटायचं, बाई उगाच चाचपतात. पण पोटावरचं ड्रेसिंग धुतल्यासारखं पांढरं असतं आणि रक्त कुशीवरून उतरून पाठीखाली साचत असतं, असं तिने कितीदा तरी पाहिलेलं. विहिरीला आतून पाझर फुटतो तेव्हा काठाची माती कोरडीच दिसते. तसंच ते.

आणि पेशंट खोटं बोलतो, हे तिचं दुसरं शास्त्र.

“वाईट माणसं नाही रे खोटं बोलत,” ती मला सांगायची. “ती तर सुई टोचायच्या आधी बोंब मारतात. चांगली माणसं बोलतात. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, असं ज्यांना वाटतं ना, तीच हातची जातात.”

या शास्त्राचा अभ्यास तिने घरीच केला होता. आमचे भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. मशीन, कापडाचे तुकडे, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले कोट. साखरेचा आजार त्यांना फार वर्षांचा, आणि बिस्किटं ठेवायची जागा म्हणजे बटणांचा डबा. ताईने काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. गोळी घेतली का? चक्कर येते का? पाय सुजलाय का? मशीनवरची मान वर न करता ते म्हणायचे, “बरंय गं, तू जेवलीस का?”

ताई निवृत्त झाली आणि कॉलेजने तिला विचारलं, पुतळ्याला आवाज द्याल का? ती त्याच दिवशी हो म्हणाली. जाताना तिने भाऊजींचं ते वाक्य बरोबर नेलं.

आता ती आजोबांना कशी जिवंत करायची, ते ऐका. एका पोरीने विचारलं, “आजोबा, ऑपरेशनच्या आधी काही खाल्लं नाही ना?” आजोबा म्हणाले, “छे! काल दुपारपासून पाण्याचा थेंब नाही.” आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाशी बिस्किटाचा चुरा पडलेला. तो ताईने सकाळी स्वतः टाकलेला, भाऊजींच्या डब्यातला. दुसऱ्या पोरीला आजोबा म्हणाले, “तू नको. ती मघाची उंच मुलगी पाठव, तिचा हात हलका आहे.” तिसरीने दुखणं विचारलं तर ते तिला आपल्या बैलाच्या खुराची गोष्ट सांगत बसले. त्या गोष्टीत मध्येच, ओझरतं, छातीत काल रात्री कुणी बसल्यासारखं झालं होतं, एवढं एकच वाक्य. ज्या पोरीने ते उचललं तिचे आजोबा वाचले. जी “बरं बरं” म्हणून पुढे गेली तिचे मेले.

कॉलेजच्या प्राचार्य बाईंनी त्याच लॅबच्या दाराशी खांबावर एक खोकं बसवून घेतलं होतं. त्यावर तीन चेहरे: हिरवा हसरा, पिवळा गप्प, लाल रडका. वर लिहिलेलं, ‘आजच्या तासाने तुमचं समाधान झालं का?’ बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीने एक चेहरा दाबायचा. पोरी दाबायच्या. शिकल्या का, हे कुणी विचारत नव्हतं. समाधान झालं का, एवढंच. मी म्हणतो, पोहायला शिकणाऱ्या पोराला पहिल्यांदा पाण्यात ढकलल्यावर विचारा की, बाळा, समाधान झालं का? तो काय हिरवा चेहरा दाबणार आहे?

त्या पोरींत एक होती, तिला सगळ्या ‘पहिली’ म्हणायच्या. परीक्षेत पहिली, हजेरीत पहिली, हात वर करण्यात पहिली. तिच्या पाळीला आजोबा नुकतेच पोटाच्या ऑपरेशनहून आले होते. ताईने मॉनिटर बंद ठेवायला लावला होता. “वॉर्डात काय प्रत्येकाच्या उशाशी टीव्ही असतो?”

पहिली ऐटीत आत आली, हात धुतले, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. “आजोबा, कसं वाटतंय? दुखतंय का?”

“बरंय गं,” आजोबा म्हणाले. “तू जेवलीस का?”

ती हसली. बाकीच्याही हसल्या. तिने पांघरूण जरासं खाली केलं, ड्रेसिंग पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “ड्रेसिंग कोरडं आहे.” मग खोल श्वास कसा घ्यायचा ते ती आजोबांना शिकवू लागली. पुस्तकात होतं तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आजोबा मध्येच म्हणाले, “थंडी वाजते का गं तुला?” तिने पांघरूण पुन्हा गळ्यापर्यंत ओढून दिलं. आजोबांचा आवाज बारीक होत गेला. आणि मग आजोबा मेले.

ताई काचेमागून बाहेर आली. तिने आजोबांना कुशीवर वळवलं. खालची चादर लाल. सरांनी पहिल्यापासून लाल पाणी पाठीकडे सोडलं होतं.

“हात घातलास इथे?” ताईने विचारलं.

“ड्रेसिंग कोरडं होतं,” पहिली म्हणाली. “आणि ते स्वतः म्हणाले, बरंय!”

“रक्ताने तुझं पुस्तक वाचलेलं नाही. ते उताराने जातं. आणि हा म्हातारा तुझा लाड करत होता, तू त्याला मारलंस.”

ताईची जीभ इथे जरा जास्तच चालली, हे खरं. सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं. पहिलीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. “ही फसवणूक आहे,” ती म्हणाली, रडत बाहेर गेली आणि तिने लाल चेहरा दाबला. तिच्या मागोमाग सगळ्यांनी लालच दाबला.

मग प्राचार्य बाईंचं बोलावणं आलं. त्या बाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांना कुणी नाराज झालेलं खपत नसे. कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘विद्यार्थिनींचं समाधान हीच आमची ओळख.’

“सिस्टर, मुली नाराज आहेत,” त्या म्हणाल्या.

“पेशंट मेला. नाराज व्हायलाच हव्यात.”

“पेशंट नाही, पुतळा.”

“मग पुतळ्यासाठी रडल्या कशाला?”

“त्या मुलीचा आत्मविश्वास गेला, सिस्टर.”

“जाऊ दे की. जरा जास्तच होता.”

प्राचार्य बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हे बघा, आम्ही मार्ग काढलाय. वर्गात सांगून टाकलं की त्या दिवशी यंत्रात बिघाड होता. पुतळ्यातली नळी फुटली आणि पाणी पाठीखाली गेलं. तिची चूक नव्हती. तिचे मार्क तिला परत दिले. विषय मिटला.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “नळी फुटली? अहो, नळी कुठे फुटली? ते तर शिकवायचं होतं!”

“आता ते मिटलंय ना. आणि यापुढे आजोबा कागदावर लिहिलंय तेवढंच बोलतील. विचारलं तर खरं सांगतील. आणि मरणार नाहीत. पोरी हसत बाहेर पडल्या पाहिजेत.”

ताईने तिथल्या तिथे काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. वर्गात जाऊन पोरींना खरं सांगायला हवं होतं. तेही केलं नाही. घरी येऊन तिने भांडी आपटली, प्राचार्य बाईंच्या नावाने बोटं मोडली, मला फोनवर तासभर ऐकवलं. पण सकाळी इस्त्रीचे कपडे घालून परत त्या अंधाऱ्या कोनाड्यात जाऊन बसली. तिला ती खुर्ची सुटत नव्हती. डेटॉलचा वास, चाकांच्या खाटेचा खडखडाट, पोरींची धावपळ. माणूस जिथे आयुष्यभर वावरला तिथला वारासुद्धा त्याला लागतो.

त्या दिवसांत मी डोळे दाखवायला शहरात गेलो होतो. ताई मला म्हणाली, “चल, तमाशा दाखवते.” सरांच्या परवानगीने मी काचेमागे उभा राहिलो. एक पोरगी आत आली आणि म्हणाली, “आजोबा, काय त्रास होतोय?” ताईने चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि रेल्वेची घोषणा करावी तशा आवाजात वाचलं, “मला छातीत दाब जाणवत आहे. तो डाव्या खांद्याकडे पसरत आहे. मला घामही येत आहे.”

अहो, जगात कुठला म्हातारा असा बोलतो? आमच्या शेजारचा धनगर छातीत कळ आली तेव्हा म्हणाला होता, “आज मेंढरं फार त्रास देतात.” एवढंच. आणि संध्याकाळी गेला. या पोरी उद्या अशा माणसांच्या खाटेशी उभ्या राहणार, आणि त्यांना इथे शिकवलं जात होतं की दुखणं आपल्या पायांनी चालत येतं आणि आपलं नाव सांगतं!

पोरगी बाहेर पडली, हिरवा चेहरा दाबला. टिंग. पुढची. टिंग. खोकं नुसतं खुशीत होतं. सर माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसले. ताईने कागदाची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

मी अजून ताईकडेच मुक्कामाला होतो तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. भाऊजी दुकानात कोटाला अस्तर लावत होते. दाराची कडी जोरात वाजली आणि एक मुलगी आत शिरली. वॉर्डाचा गणवेश, केस विस्कटलेले, ओढणी मुठीत आवळलेली. तिने चपला काढल्या नाहीत. पहिली ती. मी तिला तेव्हा प्रथम पाहिलं.

“कुठायत त्या?”

ताई आतून पदराला हात पुसत आली. “काय गं, काय झालं?”

“नळी फुटली होती का?” पहिलीने विचारलं.

“काय?”

“त्या दिवशी. आजोबांची. नळी फुटली होती का? खरं सांगा.”

मशीनचा आवाज थांबला.

मग पहिलीने जे सांगितलं ते एका दमात नाही, तुटक तुटक सांगितलं. तिची वॉर्डात ड्यूटी लागली होती. एक निवृत्त पोस्टमन, पोटाचं ऑपरेशन झालेले, गोड माणूस. सकाळपासून ती खाटाखाटांमधून धावत होती आणि ते तिच्याकडे बघून हसत होते. तिने विचारलं, आजोबा, दुखतंय का? ते म्हणाले, अजिबात नाही बाळ, तू तुझी कामं कर. तिने ड्रेसिंग पाहिलं. कोरडं. पांघरूण घालताना तिला चादरीच्या कडेला ओलसर काहीतरी दिसलंसुद्धा. तिला वाटलं, सलाइन गळलं असेल. नळी गळली असेल.

“नळी!” ती ओरडली. “मला वाटलं, नळी! कारण मला तेच सांगितलं होतं! ड्रेसिंग कोरडं असेल आणि खाली ओलं असेल तर नळी गळते, हेच माझ्या डोक्यात बसलंय!”

“माणूस?” ताईने विचारलं. तिचा आवाज वॉर्डातला झाला होता. “माणूस कसा आहे?”

“स्टाफ सिस्टर आली म्हणून वाचला. तिने पाठीखाली हात घातला. परत ऑपरेशनला नेलं. शुद्धीवर आल्यावर मला काय म्हणाले, माहितीय? ‘बाळ, तू एवढी पळत होतीस, तुला आणखी कशाला त्रास द्यायचा?’” तिने डोळे मनगटाने पुसले. “तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही गप्प का बसलात?”

“मला विचारतेस?” ताईचाही पारा चढला. “लाल बटण कुणी दाबलं? फसवणूक कोण म्हणालं?”

“मी! मी विद्यार्थिनी आहे! मी चुकणारच! मला वाईट वाटलं, मी दाबलं बटण. लहान मूल कडू औषध थुंकतं म्हणून आई औषध बंद करते का? प्राचार्य बाई सोडा, त्यांनी कधी वॉर्ड पाहिलाय की नाही देव जाणे. पण तुम्ही? तुम्ही तो कागद वाचत बसलात! ‘मला छातीत दाब जाणवत आहे!’ काय तो आवाज! आम्ही आत हसायचो!”

ताईने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. सर्जनला दारातून परत पाठवणारी बाई ती. पण तेव्हा ती खुर्चीच्या पाठीला धरून नुसती उभी राहिली.

“बसा, बसा, आधी पाणी घ्या दोघी,” भाऊजी उठले आणि माठाकडे निघाले. दोन पावलं टाकली असतील.

पहिली त्यांच्याकडे बघत होती. “काका, पायाला काय झालंय?”

“काही नाही. बरंय गं,” भाऊजी म्हणाले. “तू जेवलीस का?”

पहिलीने ताईकडे पाहिलं. मग खाली बसली, गुडघे जमिनीला टेकले, भाऊजींचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा उतरवला. भाऊजी “अगं, अगं” करत राहिले. अंगठ्याच्या शेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं आणि तळव्याला जखम, रुपयाएवढी. मोज्याला आतून चिकटलेली.

“किती दिवस?” ताईने विचारलं.

“दुखत नाही गं ते. म्हणून म्हटलं, तुला कशाला सांगायचं,” भाऊजी म्हणाले. “तू आधीच त्या कॉलेजामुळे डोकं धरून बसलेली.”

नवऱ्याचं वाक्य जिने पुतळ्याच्या तोंडी घालून सगळ्या कॉलेजला शहाणं करायला घेतलं होतं, तिलाच घरात तेच वाक्य रोज ऐकून कळलं नव्हतं. ताईने गरम पाणी आणलं. पहिलीने जखम धुतली. दोघींनी मिळून पट्टी बांधली आणि त्याच दुपारी भाऊजींना दवाखान्यात नेलं. रिक्षात बसताना ताई मला म्हणाली, “परवा पाहुणे यायचेत लॅब बघायला. मी जाणार आहे.” मी म्हटलं, जा की. ती म्हणाली, “तुला कळलं नाही. जाऊ दे.”

पाहुण्यांच्या दिवशी काय झालं ते मी लॅबच्या सरांकडून ऐकलं. ताई हा भाग सांगताना निम्मा गाळते.

लॅबमध्ये पाहुणे भिंतीला लागून बसले होते. प्राचार्य बाईंनी ताजी फुलं ठेवली होती, आजोबांचा टोप विंचरून घेतला होता. पोरी गणवेशात, रांगेत. पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, “काय मुलींनो, या शिक्षणाने तुमचं समाधान होतं का?” आणि ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी एका सुरात “हो” म्हटलं. पहिली बोलली नाही, पण एवढ्या आवाजात एक गप्प तोंड कुणाच्या ध्यानात येतं?

एक मुलगी पुढे झाली. “आजोबा, काय त्रास होतोय?”

काचेमागे ताईने कागद उचलला. सरांनी नाडीचं बटण फिरवलं. ताईने कागद परत खाली ठेवला.

“त्रास असा काही नाही, पोरी,” आजोबा म्हणाले. तो आवाज कितीतरी दिवसांत कुणी ऐकला नव्हता. धापा टाकणारा, जरा चेष्टेखोर, खऱ्या म्हाताऱ्याचा. “फक्त मनात एक सल आहे. तेवढी सांगून टाकतो. त्या दिवशी मी मेलो ना, तेव्हा माझी नळी फुटली नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं. मी रक्त जाऊनच मेलो होतो. रक्त पाठीखाली होतं आणि तिथे कुणी हात घातला नाही.”

एका पाहुण्याला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. तो हसला. प्राचार्य बाई उठून उभ्या राहिल्या आणि आरशाकडे, म्हणजे काचेकडे, हाताने ‘बंद करा, बंद करा’ अशी खूण करू लागल्या. माइकचं मुख्य बटण सरांच्या हाताशी होतं. सरांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांवर बसून राहिले. हे सांगताना सर अजूनही लाल होतात.

“परवा एका पोस्टमनच्या खाटेवर तेच झालं,” आजोबा पुढे म्हणाले. “तो वाचला. पुढचा वाचेलच असं नाही. मी बरंय म्हटलं तरी माझं ऐकू नका. मी बरंय म्हणणारच. तुम्ही चांगल्या पोरी आहात, दिवसभर धावता, मला तुमची दया येते. म्हणून तर मी खोटं बोलतो.” आणि थोडं थांबून, “आता बघा काय करायचं ते. मला थंडी वाजायला लागली आहे.”

पुढे आलेली मुलगी गोंधळून प्राचार्य बाईंकडे बघत राहिली. रांगेतून पहिली बाहेर आली. कुणाला विचारलं नाही. खाटेशी गेली, आजोबांच्या खांद्याला धरलं आणि दुसरा हात त्यांच्या पाठीखाली घातला. हात बाहेर आला तो लाल. सरांनी मधल्या वेळात पाणी सोडलं होतं.

“रक्त आहे,” पहिली म्हणाली. “खाट डोक्याकडून खाली करा. डॉक्टरांना बोलवा. तू नाडी धर. पळा!”

आणि पोरी पळाल्या. पाहुण्यांना ढकलून पळाल्या. फुलदाणी पडली. आजोबा वाचले की नाही, ते सरांनाही सांगता येत नाही, कारण तोवर प्राचार्य बाई काचेमागे पोचल्या होत्या आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपटला होता.

ताईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. “तुमच्या अनुभवाबद्दल आम्हाला आदर आहे,” असंही सांगितलं. आजोबांना आता रेकॉर्ड केलेला आवाज बसवलाय. गोड, स्वच्छ, एकही उच्चार चुकत नाही. ते काय दुखतंय, कुठे दुखतंय, किती दुखतंय ते लगेच सांगतात आणि शेवटी धन्यवाद म्हणतात. ते कधी मरत नाहीत. खोकं दाराशी आहेच. भिंतीवरची अक्षरंही आहेत, मागच्या वर्षी त्यांना नवा रंग दिला. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा मान दुसरीकडे वळवतो. समाधान! माणसाचा जीव जाण्याची वेळ येते आणि हे समाधान विचारतात! ज्याच्या पाठीखाली रक्त साचतंय त्याला विचारा एकदा, तुमचं समाधान झालं का म्हणून.

भाऊजींचं ते एक बोट काढावं लागलं. पाय राहिला. मोजे आता ताई स्वतः उतरवते, रोज, दिवा जवळ घेऊन. भाऊजी तक्रार करतात की लग्नाच्या वेळी एवढं बघितलं नव्हतंस.

आणि सुट्टीच्या दिवशी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढलेला असतो. आत शिलाईमशीन भिंतीला सरकवलेलं, मध्ये खाट, खाटेवर भाऊजी. भोवती पोरी. पहिली आता वॉर्डात पक्की नोकरीला आहे, पण तीही येते आणि मागे उभी राहून धाकट्यांच्या चुका काढते, ताईपेक्षा खवट बोलते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आधी एक आली, मग तिच्या दोन मैत्रिणी, मग खोली पुरेना. भाऊजींना पाठ करायला काही लागत नाही. खोटं बोलण्यात त्यांचा हात धरणारा पेशंट अजून जन्मायचाय, असं ताई म्हणते, आणि त्यात राग किती अन् अभिमान किती ते मला अजून ओळखता येत नाही.

मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा एक अगदी नवी मुलगी खाटेशी उभी होती. तिने विचारलं, “काका, काही त्रास होतोय का?”

“बरंय गं,” भाऊजी म्हणाले. “तू जेवलीस का?”

मुलीने एकदा ताईकडे पाहिलं. ताईने मुद्दाम तोंड फिरवलं.

“जेवले, काका,” ती म्हणाली. “आता जरा कुशीवर वळा.”